कळपातली शेवटची

शेवटचं आधी, हा बाबांचा कायदा होता. कळप काढायचा तर चित्रकार सहसा पुढच्या दांडग्या नरापासून सुरुवात करतो, कारण बघणाऱ्याची नजर पहिल्यांदा तिथंच जाते. बाबा मात्र कोऱ्या कागदाच्या पार डाव्या टोकाला पेन्सिल टेकवत आणि सगळ्यांत मागं रेंगाळणारं जनावर आधी काढत. त्याची पावलं, त्याची पाठ, त्याचा थकवा ठरला की मग त्याच्या पुढचं, मग त्याच्याही पुढचं. "पुढच्यांचं काय, ते जातातच," बाबा म्हणत. "कळप कुठवर आलाय ते मागच्याला विचारावं."

हा कायदा त्यांच्या लेकीच्या अंगात लहानपणीच भिनला होता. मांडीवर बसून चित्रांची पुस्तकं बघताना तिला पान उलटायची कोण घाई. बाबा तिचा हात धरून ठेवत. मागं राहिलेलं वासरू असो, झाडाआडचं हरीण असो, त्याला आधी शोधायचं, बोट ठेवून "येऊ दे त्याला" म्हणायचं आणि मगच पान उलटायचं. पुढं ती मोठी झाली, बाबांच्या रेघांमध्ये रंग भरायला लागली आणि बाबांनी तिचं पाळण्यातलं नाव टाकून तिला रंगारीण केलं. चाळिशी उलटली, लग्न होऊन नवरा याच घरात राहायला आला, तरी ती रंगारीणच राहिली. खिडकीशी एक मोठं टेबल, अल्याड बाबा, पल्याड ती. रेघ त्यांची, रंग तिचा. पुस्तक छापून आलं की टेबलाचा आणखी एक कायदा लागू व्हायचा. छापलेल्या पानाला पेन्सिल लावायची नाही, चूक दिसली तरी नाही. "ते आता मुलांचं झालं. आपला हात तिथं चालत नाही," असं म्हणून बाबा पुस्तक मिटायचे आणि नवा कागद ओढायचे.

रंगारणीचा स्वतःचाही एक कायदा होता, पण तो तिनं कोणाला सांगितला नव्हता. आई गेली त्या दिवशी देवापुढं हात जोडून तिनं मनातल्या मनात नेम धरला होता की बाबांच्या पोटात दोन घास गेल्याशिवाय आपण जेवायचं नाही. ताप असो, पाहुणे असोत, पुस्तक द्यायची घाई असो, नेम मोडला नव्हता. नवऱ्याला एवढंच ठाऊक होतं की बाबा जेवायला उशिरा बसले तर बायकोचं पित्त खवळतं.

बाबांचं विसरणं चोरपावलांनी आलं. आधी चष्मा, मग किल्ल्या. एकदा त्यांनी ब्रश पाण्याऐवजी चहात बुडवला, तेव्हा सगळे हसले होते. जावई म्हणाला होता, की चहाला रंग कमी पडला हे बाबांना कळलं पण करणारीला कळलं नाही. मग एक दिवस गॅस नुसताच चालू राहिला. मग एका दुपारी बाबा घरातून निघाले आणि चार गल्ल्या पलीकडं एका बंद दुकानाच्या पायरीवर सापडले. पायांत काही नव्हतं. मुलगी शाळेतून यायची आहे, तिची वाट बघतोय, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. हे वाढतच जाणार, म्हणाले.

पण टेबलाशी बसले की बाबा ते बाबाच. कालचं जेवण आठवायचं नाही, बायको हयात नाही हे आठवायचं नाही, पण केसाळ गेंड्याच्या खांद्याचा उंचवटा कुठं सुरू होतो आणि कुठं उतरतो ते हात बरोबर जाणायचा. डॉक्टरसुद्धा चकित झाले होते. हळूहळू त्या घरात ती एक श्रद्धाच होऊन बसली. बाबा सगळं विसरतील, रेघ विसरणार नाहीत. रंगारीण दिवा लावताना देवाकडं दुसरं काही मागत नसे. तेवढं राहू दे, एवढंच म्हणायची.

आणि नेमकं तेव्हाच नवऱ्याचं काम सुटलं. तो शीतगोदामांची यंत्रं दुरुस्त करणारा माणूस. गोदाम बंद पडलं आणि नवं काम मिळालं ते लांबच्या बंदराच्या गावी, रेल्वेनं दीड दिवसाच्या वाटेवर. तिथली खोली चौथ्या मजल्यावर होती, जिना अरुंद, कठडा मोडका, खाली अवजड गाड्यांचा रस्ता. तो आधी एकटा जाऊन बघून आला. बाबांची नखं आजवर तोच कापायचा, दाढी तोच करायचा, म्हणून त्याला नावं ठेवायची सोय नव्हती. आल्यावर तो एवढंच म्हणाला, "तू ठरव. मी मध्ये बोलणार नाही." त्याचं ते न बोलणं तिला भांडणापेक्षा जड गेलं.

शहराच्या कडेला एक वृद्धाश्रम होता. स्वच्छ, शांत, अंगणात बाकं. तिथल्या मेट्रनबाई करड्या आवाजाच्या पण मायेच्या होत्या. हातातलं पुस्तक पुरं होईपर्यंत खाट अडवून ठेवते, म्हणाल्या.

रंगारणीनं बाबांना सांगितलं नाही असं नाही. तीनदा सांगितलं. पहिल्यांदा ते खिडकीबाहेर बघत "बरं" म्हणाले, पण संध्याकाळी विसरले. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्यांना रडू फुटलं, आणि तेही ते विसरले, फक्त डोळे का चुरचुरतायत ते त्यांना कळेना. तिसऱ्यांदा ते रागावले, ताटावरून उठले. त्या दिवशी तीही उपाशी राहिली. नंतर तिची जीभ रेटेना. एकच वाईट बातमी माणसाला रोज नवी करून किती वेळा द्यायची? तिला हवा होता फक्त एक होकार. दुसऱ्या दिवशी ते विसरले तरी चाललं असतं, पण एकदा, शुद्धीत, मनापासून त्यांनी 'जा' म्हणायला हवं होतं. त्याशिवाय तिचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडणार नव्हतं, आणि बंदराच्या गावी कामावर रुजू झालेला नवरा एका खोलीत एकट्यापुरता भात लावत होता.

त्या वेळी टेबलावर होतं ते पुस्तक हिमयुगातल्या जनावरांचं. संपादकबाईंनी मजकूर लिहिला होता, छोटी छोटी वाक्यं, मोठ्यानं वाचायला सोपी. उत्तरेकडून बर्फ सरकत येतंय, गवत हटत चाललंय आणि गवतामागून जनावरं निघालीत. केसाळ गेंडे आहेत, फांद्यांसारख्या शिंगांची हरणं आहेत, आणि सगळ्यांच्या मधून चाललाय मॅमथ हत्तींचा एक कळप. कळपात एक आजी आहे. वाट तिला पाठ आहे, पण पाय थकलेत, म्हणून ती शेवटी चालते. प्रत्येक पानावर मुलांनी तिला शोधायचं. आणि शेवटच्या पानावर हिरवं कुरण, खाली एक ओळ, 'सगळे पोचले.'

बाबांना हे पुस्तक फार आवडलं. आजी अर्थातच ते आधी काढत. बर्फाच्या पानावर तिच्या पाठीवर हिम साठलेलं. लांडग्यांच्या पानावर ती मागं वळून बघतेय, पण चाल सोडलेली नाही. रंगारीण तिच्या केसांत थोडा तांबूस रंग ठेवायची, म्हणजे पांढऱ्या पानातही ती सापडावी. नदीचं पान तर असं उतरलं की रंगारणीनं ओला ब्रश तसाच हातात धरला. सगळा कळप पल्याड चढतोय आणि अल्याडच्या काठावर आजी एकटी, एक पाय उचललेला, पाण्याच्या वर अधांतरी.

"घाबरलीय का हो ती?" रंगारणीनं विचारलं.

"घाबरत नाही. पाणी किती ते बघतेय," बाबा म्हणाले. "तू रंग भर. ती येईल."

मग उरलं शेवटचं, कुरणाचं पान.

त्या दिवशी सकाळी मेट्रनबाईंचा निरोप आला होता. आश्रमात फरशी गुळगुळीत आहे, बाबांसाठी न घसरणाऱ्या सपाता आणून ठेवा, म्हणजे आल्या दिवसापासून सवय होईल. बाबांचे पाय सुजलेले, एक पाय दुसऱ्याहून मोठा. दुकानदार म्हणाला, कागदावर पावलांचा आकार काढून आणा. रंगारीण खोलीत आली तेव्हा बाबांनी नवा कागद पसरला होता, पेन्सिलीला टोक केलं होतं आणि डाव्या कोपऱ्यावर हात धरला होता. ती म्हणाली, बाबा, एक मिनिट, जरा माप घेऊ द्या. तिनं त्यांच्या हातातली पेन्सिल काढून घेतली, एक रद्दी कागद जमिनीवर ठेवला, त्यांचं पाऊल त्यावर टेकवलं आणि टाचेपासून बोटांपर्यंत त्याच्याभोवती रेघ फिरवली. मग दुसरं पाऊल.

बाबा वाकून बघत होते. "आज काय, उलटं काम? रेघ तू काढायची?" ते म्हणाले. त्यांना गंमत वाटली होती. "वेडीवाकडी आहे, पण चालेल. जनावर उभं राहील त्यावर."

तीही हसली, पेन्सिल त्यांच्या हातात ठेवली आणि कागदाची घडी करून दुकानाकडं गेली.

परत येईपर्यंत चित्र पुरं झालं होतं. इतकं सुरेख कुरण बाबांच्या हातून कधी उतरलं नव्हतं. पिल्लं लोळताहेत, माद्या सोंडेनं गवत उपटताहेत, दांडगा नर डोळे मिटून उन्हात उभा आहे. बाबा थकून खुर्चीतच झोपले होते. रंगारणीची नजर सवयीनं डाव्या कोपऱ्याकडं गेली. तिथं कोणी नव्हतं. होता नुसता गवताचा उतार, आणि तो थेट कागदाच्या कडेपर्यंत गेलेला. तिनं कळपात शोधलं, टेकडीमागं शोधलं. आजी नव्हती.

हातातल्या सपाता तशाच धरून ती टेबलाशी बसली. बाबा विसरले असतील हे तिच्या मनात आलंच नाही, असं कसं म्हणावं. आलं, आणि लगेच तिनं ते ढकलून दिलं. बाबा रेघ विसरत नाहीत. आणि विसरले असते तर मधलं एखादं पिल्लू विसरले असते, ज्याच्यापासून सुरुवात करायची तेच कसं विसरतील? मग दुसरा अर्थ हळूहळू तिच्या मनात उतरला आणि तिचे डोळे भरून आले. बाबांना सगळं कळलं होतं. तोंडानं सांगता आलं नसतं, सांगितलं तरी टिकलं नसतं, म्हणून त्यांनी आपल्या हातानं, आपल्या पद्धतीनं सांगितलं होतं. आजी मागं राहिली. तुम्ही पोचा.

तिनं देवापुढं जाऊन डोकं टेकलं. होकार मिळाला होता.

दोन दिवसांनी संपादकबाई चित्रं बघायला आल्या. शेवटच्या पानाशी त्या थबकल्या. खाली 'सगळे पोचले' लिहिलंय आणि वर आजीच नाही, हे कसं, त्यांनी विचारलं. मुलं पहिल्यांदा तेच विचारतील. बाबा शेजारच्या खोलीत रेडिओ ऐकत होते. संपादकबाई म्हणाल्या, त्यांनाच विचारू या का?

दार उघडं होतं. चार पावलांवर बाबा होते. रंगारीण म्हणाली, "नको. आता विचारलं तर त्यांना काही सांगता यायचं नाही. काढताना मात्र त्यांनी विचार करून काढलंय. त्यांची सुरुवात कुठून असते ते तुम्हाला माहीत आहे ना?"

संपादकबाईंना माहीत होतं. त्यांनी चित्र पुन्हा जवळ ओढलं. मग म्हणाल्या, असं करायला धाडस लागतं, मुलांना सगळं गोडगोडच कशाला दाखवायचं. त्यांनी पेन घेऊन 'सगळे' हा शब्द खोडला आणि 'कळप पोचला' असं केलं. रंगारणीनं दुसऱ्या दिवशी त्या रिकाम्या उतारावर हिरवा रंग भरला. हिरव्यात थोडा पिवळा मिसळला, म्हणजे ऊन पडल्यासारखं दिसावं.

आश्रमात पोचवायला नवरा सुट्टी काढून आला. बाबांनी नव्या सपाता घातल्या, अंगणातली बाकं बघितली, मेट्रनबाईंना नमस्कार केला. जावयाला त्यांनी बाजूला घेऊन विचारलं, हे हॉटेल महाग तर नाही ना. त्यानं तोंड फिरवून नाक शिंकरलं. रंगारीण पाया पडली तेव्हा बाबा म्हणाले, लवकर ये, कुरणाचं पान राहिलंय. ते पुरं झालं बाबा, तिनं सांगितलं. बरं झालं, म्हणाले.

बंदराच्या गावी तिनं नेम सोडला नाही. रोज दुपारी आश्रमात फोन करायची, बाबा जेवले का विचारायची आणि मग स्वतःचं ताट वाढून घ्यायची. पहिले काही आठवडे मेट्रनबाई स्वतः सांगत. पुढं कोणी तरी "थांबा, बघतो" म्हणून फोन ठेवून जायचं आणि परत यायचं नाही. मग तिलाही एका छापखान्यात पाकिटांवर रंग जुळवायचं काम मिळालं, तिथं जेवणाची सुट्टी आखून दिलेली. एके दिवशी फोन लागला नाही आणि सुट्टी संपत आल्याचा भोंगा वाजला. तिनं डबा उघडला. घास घशात अडकला, पण उतरला. दुसऱ्या दिवशी तेवढासुद्धा अडकला नाही.

पुस्तक छापून आलं तेव्हा थंडी संपत आली होती. पहिली प्रत हातात घेऊन ती एकटीच रेल्वेनं निघाली. दुसऱ्या दिवसाचं परतीचं तिकीट पर्समध्ये होतं.

बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत होते. खूप वाळले होते. सपाता पायांत सैल झाल्या होत्या. ती समोर येऊन उभी राहिली तेव्हा त्यांनी तिच्याकडं अनोळखी, नम्र नजरेनं बघितलं. मग त्यांचं लक्ष तिच्या नखांत रुतलेल्या निळ्या रंगाकडं गेलं.

"रंगारीण," ते म्हणाले.

तिनं पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि शेजारी स्टूल ओढून बसली. बाबांनी पुस्तक उघडलं. पहिल्या पानावर त्यांनी डाव्या कोपऱ्यात बोट ठेवलं. आजी सापडली. "येऊ दे तिला," ते पुटपुटले आणि पान उलटलं. बर्फाच्या पानावर सापडली. लांडग्यांच्या पानावर सापडली, तिथं त्यांनी तिच्या पाठीवरून बोट फिरवलं. नदीच्या पानाशी ते थांबले आणि तिच्या उचललेल्या पायाकडं बघून मान डोलावली. रंगारणीला तिथंच पुस्तक मिटावंसं वाटलं. का ते तिला कळलं नाही, पण हात पुढं गेला होता. तेवढ्यात त्यांनी पान उलटलं.

कुरणाच्या डाव्या कोपऱ्यात त्यांचं बोट टेकलं. थोडं सरकलं, पुन्हा तिथंच आलं. मग त्यांनी कळपातलं एकेक जनावर बोटानं तपासलं. मागचं पान उघडून बघितलं, पुन्हा पुढचं. दोन पानं एकमेकांना चिकटली असतील म्हणून कडेला नख घालून बघितलं.

"ही कुठं गेली?"

रंगारणीनं पुस्तकाची कड धरली.

"मी काढली होती," बाबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, पण तिच्या लहानपणचा, टेबलावरचा तो आवाज होता. "तिच्यापासूनच तर सुरुवात करतो मी. आधी तिचे पाय काढले होते. दोन्ही पाय, मोठे. मला चांगलं आठवतंय. कोणी पुसली?"

रंगारणीनं त्यांच्या पायांकडं बघितलं. सैल झालेल्या सपातांकडं. टाचेपासून बोटांपर्यंत फिरलेली रेघ तिला आठवली, तिनं हातातून काढून घेतलेली आणि परत ठेवलेली पेन्सिल आठवली. बाबांनी खोटं काहीच सांगितलं नव्हतं. त्यांच्या लेखी आजीचे पाय काढून झाले होते, फक्त ते रद्दी कागदावर होते. पुढचं काढायला त्यांनी पेन्सिल कळपाकडं नेली होती. होकार वगैरे त्यात काही नव्हतं. आणि दार उघडं असताना, चार पावलांवर ते बसलेले असताना, एका शब्दानं हे कळलं असतं.

"तू पुसलीस का?" बाबांनी विचारलं.

"हो," ती म्हणाली.

बाबांनी तिच्याकडं नीट बघितलं. मग तिच्या हातावर हात ठेवला. "पाणी सांडलं असेल. होतं तसं. रडू नको."

तिनं पर्समधून पेन्सिल काढली. पेन्सिल त्यांच्या बोटांत देत ती म्हणाली, "काढा ना बाबा. इथं जागा आहे. मी ठेवलीय जागा."

बाबांनी पेन्सिल धरली, जशी धरायला हवी तशीच. कोपऱ्यावर नेली. टोक कागदापासून केसाएवढ्या अंतरावर आलं आणि थांबलं. त्यांनी कागदावरून अंगठा फिरवला, गुळगुळीतपणा त्यांना लागला असावा. "हे छापलंय," ते म्हणाले आणि पेन्सिल तिला परत दिली.

मग त्यांनी पान मागं उलटलं. नदी आली. पल्याड कळप चढत होता, अल्याड ती एकटी एक पाय उचलून उभी होती. बाबांनी पुस्तक दोन्ही मांड्यांवर सरळ केलं, तिच्याजवळ बोट ठेवलं आणि बघत बसले.

जेवणाची घंटा झाली. बाकीची म्हातारी माणसं भिंतीला धरून निघाली. बाबा उठले नाहीत. मेट्रनबाई दोनदा हाक मारून गेल्या, शेवटी ताट तिथंच आणून ठेवलं. रंगारणीला त्यांनी हलक्या आवाजात विचारलं की तुम्हीही दोन घास घेता का. ती म्हणाली, बाबांचं होऊ दे. मेट्रनबाईंनी पुस्तक उचलायला हात घातला, तेव्हा बाबांनी दुसऱ्या हातानं पान दाबून धरलं.

"थांबा जरा," ते म्हणाले. "ती येऊ दे आधी."

ताटातला भात निवत चालला. रंगारीण स्टुलावर बसून राहिली, आणि बाबांचं बोट नदीच्या अल्याड.